आत्म्याने भरलेले हात: पंडिता रमाबाई आणि मुक्तीतले उद्योग

आजचं वाचन: निर्गम ३१:१-१७



गेले काही दिवस आपण निर्गममध्ये नुसती मापं वाचतो आहोत. लांबी इतके हात, रुंदी इतके हात, फळ्या इतक्या, कड्या इतक्या. काही जणांनी हे अध्याय भरभर सरकवले असतील, हे मला माहीत आहे. पण आजच्या अध्यायात थांबावंच लागतं. देव मोशेला एका माणसाचं नाव घेऊन सांगतो की मी याला निवडलंय. बसालेल. हा ना संदेष्टा, ना याजक, ना राजा. सोनं, रुपं, पितळ, दगड, लाकूड यांवर काम करणारा हा कारागीर. आणि देवाने आपल्या आत्म्याने भरलं, असं बायबलमध्ये ज्याच्याविषयी पहिल्यांदा लिहिलंय, तो हाच. त्याच्या जोडीला अहलियाब दिलाय, आणि बरोबर बाकीचे कुशल हात.

आपल्याकडे 'आत्म्याने भरलेला' म्हटलं की डोळ्यांसमोर उपदेशक येतो, नाहीतर गाणारा. करवत, छिन्नी, माग, घाणा असलं काही येत नाही. म्हणून आज एका अशा बाईंचं आयुष्य थोडक्यात पाहू या, ज्यांनी हे वचन नुसतं वाचलं नाही तर वसवून दाखवलं. पंडिता रमाबाई. त्यांनी केलेलं बायबलचं भाषांतर आपण ऐकून असतो. त्यांच्या केडगावच्या 'मुक्ती'तला तेलघाणा आणि छापखाना मात्र फारसा कुणाला आठवत नाही. माझ्या मते त्यांची साक्ष समजून घ्यायची असेल तर त्या घाण्यापाशीही जायला हवं.

विद्या होती, हुन्नर नव्हता

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकांना संस्कृत शिकवू नये असा तो काळ, पण त्यांनी बायको लक्ष्मीबाईंना शिकवलं, आणि लक्ष्मीबाईंनी रमेला. हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरायचं, देवळात, घाटावर पुराण सांगायचं आणि लोक जे देतील त्यावर राहायचं.

मग दुष्काळ पडला. लोकांकडेच काही उरलं नाही, तर पुराणिकाला कोण देणार? जवळ होतं नव्हतं ते आधीच दानधर्मात गेलेलं. १८७४ च्या सुमारास आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरले दोघे, श्रीनिवास आणि रमा.

रमाबाईंनी पुढे आपल्या दुष्काळाच्या आठवणी लिहिल्या. त्यांतली एक गोष्ट फार बोचते. या घरात हजारो श्लोक पाठ होते, पण पोट भरायचं एकही काम कुणाला येत नव्हतं. अंगमेहनत करायची सवय नाही, भीक मागायची लाज, आणि प्रामाणिकपणे चार पैसे कसे मिळवायचे हे कुणी शिकवलेलंच नाही. भावाला कुठेतरी महिना चार रुपयांची नोकरी मिळाली, तेव्हा मूठभर भिजवलेलं धान्य मीठ लावून खायचं, अशी वेळ होती. झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यात आडवे झाले आणि अंगावर वाळू ओढून रात्र काढली.

मित्रांनो, हा प्रसंग नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं याच्याशी जोडलेलं आहे.

पंडिता, विधवा, विश्वासी

हजारो मैल पायी फिरून भावंडं १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जात ओलांडून लग्न केलं. १८८१ मध्ये मनोरमा झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. तेविसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या, पदरात तान्ही मुलगी.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज सुरू केला, हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी आणि स्त्री डॉक्टरांच्या गरजेविषयी साक्ष दिली. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज गावच्या भगिनीमंडळात राहताना त्यांनी या भगिनींचं लंडनमधलं फुलहमचं काम पाहिलं. समाजाने 'वाया गेलेल्या' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे प्रेमाने सांभाळून पुन्हा उभं केलं जात होतं. असं का करता, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि उत्तर शोधता शोधता योहानाच्या शुभवर्तमानातल्या शोमरोनी स्त्रीपर्यंत येऊन पोचल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या, त्या दोनेक वर्षं तिथेच राहिल्या. तिथे फ्रोबेलची बालोद्यान पद्धत शिकल्या. फ्रोबेलचं सार असं की मूल हातांनी करता करता शिकतं. आयुष्यभर नुसतं पाठांतर केलेल्या रमाबाईंना यात काय दिसलं असेल, याची कल्पना करा. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयी त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं, बॉस्टनला त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झालं आणि त्या मंडळाने दहा वर्षं मदत करायचं वचन दिलं.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. पहिल्या मुलींमधली एक बालविधवा गोदूबाई. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. सदनात कुणावर धर्म लादायचा नाही असं ठरलेलं होतं. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, काही मुली येऊन बसायच्या. १८९३ मध्ये यावरून मोठा गदारोळ झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाजूला झाले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती खोटी होती असं आपण सरसकट म्हणू नये. विश्वास ठेवून मुलगी सोपवणाऱ्या घराला तो प्रश्न विचारायचा हक्क होता. पण रमाबाईंनी आपलं दारही लावून घेतलं नाही.

केडगावची जमीन

आता हिशेबाकडे या. बॉस्टनची मदत दहा वर्षांची, म्हणजे १८९८ पर्यंतची. त्यानंतर काय? रमाबाईंनी पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर केडगावला शंभरेक एकर जमीन घेतली. फळबाग लावायची, उत्पन्नावर सदन चालवायचं. नागपूरहून दौंडमार्गे पुण्याला जाताना दौंड सुटलं की थोड्या वेळाने हेच केडगाव स्टेशन लागतं. पुढच्या वेळी खिडकीतून बघा.

१८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, आणि या वेळी आपल्या मध्य प्रांतात. नागपूर या प्रांताची राजधानी. जबलपूर, दमोह, सागर या उत्तरेकडच्या भागाला फार झळ बसली. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. उपाशी मुली, पोरक्या मुली, लहान विधवा, आणि त्यांना फसवून न्यायला टपलेली माणसं त्यांनी पाहिली. त्यांना आपले वाळूतले खड्डे आठवले नसते तरच नवल. तीनशेच्या आसपास मुली आणि बायका त्या घेऊन आल्या.

पुण्यात तेव्हा प्लेग होता, नव्या माणसांना ठेवायला सरकारची बंदी. मग केडगावच्या शेतातच तात्पुरता निवारा उभारला. फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर अशी वस्ती झाली. १८९८ मध्ये तिचं रीतसर समर्पण झालं, नाव 'मुक्ती'. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तिथूनही शेकडो मुली आल्या. तोवर वस्ती दीड हजारांच्या घरात गेली होती, आणि गोठ्यात शंभराहून जास्त जनावरं होती.

घाणा, माग आणि खिळे

दीड हजार तोंडं! रोज दळण किती लागेल, विचार करा. कपडा किती? तेल किती? दूध, साबण, भाकऱ्या? हे सगळं बाजारातून आणायचं म्हटलं तर कुठलीही देणगी पुरली नसती. म्हणून मुक्तीतले धंदे आधी घरच्या गरजेतून उभे राहिले. शेती आणि बाग, दूधदुभतं, तेलघाणा, हातमाग, शिवणकाम, धुलाई, भटारखाना. वस्ती हीच पहिली गिऱ्हाईक. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्टचे पहिले युझर घरातच होते, आणि तक्रार करायला ते चोवीस तास हजर!

पण नुसती काटकसर हा हेतू असता तर कामावर मजूर लावूनही भागलं असतं. रमाबाईंचा आग्रह वेगळा होता. इथे आलेल्या प्रत्येकीच्या हाताला एक हुन्नर आला पाहिजे. जिची बुद्धी पुस्तकात चालते तिने शिक्षिका व्हावं, जिला आजाऱ्याची सेवा जमते तिने परिचारिका. जिला अक्षरं अवघड जातात तिने माग शिकावा, शिवण शिकावी, गोठा सांभाळावा. अंध स्त्रियांनाही ब्रेल वाचायला शिकवलं जाई. बाकी जग ज्यांना ओझं म्हणत होतं, त्यांना इथे रोज सकाळी कुणीतरी कामाला हाक मारत होतं, कारण त्यांच्यावाचून काहीतरी अडत होतं.

सगळ्यात मोठी गोष्ट छापखान्याची. रमाबाईंना वाटायचं की तेव्हाचं मराठी बायबल साध्या बायकांना कळायला जड जातं. स्वतः संस्कृत पंडिता असून त्यांनी सोप्या मराठीचा ध्यास घेतला. हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून भाषांतर सुरू केलं. ते काम आयुष्याची शेवटची दीड दशकं चाललं. आणि ते छापलं कुणी? मुक्तीतल्या बायकांनीच. खिळे जुळवणं, मुद्रितं काढणं, यंत्र चालवणं, कागद घड्या घालणं, पुस्तक बांधणं. दुष्काळातून उचलून आणलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मुलींमधून खिळेजुळारी तयार झाल्या. ज्या हातांना कुणी पाटी दिली नव्हती, त्या हातांनी मराठी बायबलची पानं जुळवली. बसालेलची गोष्ट याहून वेगळी काय आहे?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मुक्ती फक्त स्वतःच्या धंद्यांवर चाललं असं नाही. परदेशातून आणि देशातून देणग्या येत राहिल्या, आणि जॉर्ज म्युलरसारख्यांच्या आयुष्यातून रमाबाई शिकल्या होत्या की गरज देवापुढे मांडायची. त्यांनी ती मांडलीही, गुडघे टेकून. १९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत जे संजीवन झालं, रात्र रात्र प्रार्थना चालल्या, ते जगभर गाजलं. गंमत बघा, त्याच वस्तीत सकाळी घाणाही फिरत होता. प्रार्थना करतो म्हणून घाणा थांबवला नाही, घाणा आहे म्हणून प्रार्थना सोडली नाही.

हेर्नहूटचे सुतार-कुंभार

असं करणाऱ्या रमाबाई पहिल्या नव्हत्या. आपण रोज सकाळी एक वचन घेतो ना, त्या सवयीचं एक जुनं घर जर्मनीत आहे. १७२२ मध्ये विश्वासासाठी छळ झालेले मोराविया प्रांतातले लोक झिंझेन्डॉर्फ नावाच्या सरदाराच्या जमिनीवर येऊन राहिले. वस्तीचं नाव हेर्नहूट. पहिलं झाड तोडणारा ख्रिश्चन डेव्हिड हा सुतार. याच मोरावियन मंडळीने १७३१ पासून वर्षभराच्या रोजच्या वचनांचं छोटं पुस्तक छापायला सुरुवात केली, ते आजही दरवर्षी निघतं. १७३२ मध्ये त्यांनी कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांमध्ये पहिले दोन मिशनरी पाठवले. एक कुंभार, दुसरा सुतार. हेर्नहूटमध्येच अब्राहम ड्यूर्निंगर याने १७४७ मध्ये एक छोटं दुकान हाती घेतलं आणि तागाच्या कापडाचा व्यापार दूरवर नेला. अमेरिकेतल्या त्यांच्या बेथलेहेम गावात तर १७६२ पर्यंत सगळे कारागीर एकाच सामाईक संसारात राहत, आणि त्यांच्या कमाईतून सुवार्तेचं काम चालत असे. पुढे माणसांना आपापला संसार हवासा वाटला आणि ती व्यवस्था संपली. पण कारागिरी टिकली.

दोन्हीकडे धंदा वाढला तो विश्वासाच्या मुळावर. फरक एवढाच दिसतो की मोरावियन लोक हातात हुन्नर घेऊनच आले होते. मुक्तीतल्या मुली रिकाम्या हातांनी आल्या. म्हणून तिथे कापड किती विणलं यापेक्षा विणणारी उभी राहिली का, हा हिशेब मोठा होता. उपाशी माणसाला जेवू घातलं की उपकार होतो, आणि ते करायलाच हवं. पण जेवल्यानंतर त्याच्या हाती काम दिलं नाही, तर तो पुढच्या दुष्काळात पुन्हा तिथेच असतो. रमाबाईंनी हे पुस्तकातून नाही, आई-वडिलांच्या मरणातून शिकून घेतलं होतं.

शेवटचं पान

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं ती. रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. केडगावचं मुक्ती आजही चालू आहे.

मनन

आपल्यापैकी पुष्कळ जण मिहानमध्ये, हिंजवडीत, नाहीतर घरी लॅपटॉप उघडून बसणारे. रविवार देवाचा आणि सोमवार ते शुक्रवार कंपनीचा, अशी वाटणी आपण नकळत केलेली असते. उपासनेत गिटार वाजवली की सेवा, आणि नीट तपासून दिलेला कोड म्हणजे फक्त पगार. बसालेलला हे ऐकून आश्चर्य वाटलं असतं. निर्गम ३१ मध्ये त्याच्या बोटांचं कौशल्य हेच आत्म्याचं दान आहे.

पण याच अध्यायाचा पुढचा भागही सोडू नका. कारागिरांची नावं संपतात आणि लगेच शब्बाथाची आज्ञा येते. पवित्र निवासमंडपाचं काम असलं तरी सातव्या दिवशी हत्यार खाली. काम हे दान आहे, देव नाही. रिलीज कितीही महत्त्वाचं असो, ज्याला थांबता येत नाही तो कामाचा गुलामच झाला.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जड जाते. रमाबाईंनी स्वतःची विद्या स्वतःपुरती ठेवली नाही. बसालेलबद्दलही लिहिलंय (निर्गम ३५:३४) की देवाने त्याला दुसऱ्यांना शिकवायची बुद्धी दिली. आपल्याला जे येतं, ते आपण कुणाला शिकवतोय? मंडळीत बारावीनंतर घरी बसलेली एखादी मुलगी असेल. नवरा गेल्यावर घर चालवणारी एखादी ताई असेल. नाताळला त्यांना साडी आणि फराळ देऊन आपण मोकळे होतो. या आठवड्यात त्यांच्यापैकी एकीला दोन तास द्या. एक्सेल शिकवा, टॅली शिकवा, मुलाखतीची तयारी करून घ्या. एक हुन्नर, एका हाताला. मुक्तीची सुरुवात तिथूनही होते.

प्रार्थना

हे प्रभू, तू स्वतः नासरेथात सुतारकाम केलंस. आमच्या हातांना तुझ्या आत्म्याने भर. आम्ही जे काम करतो ते तुझ्यासमोर नीट, खरं आणि नीटनेटकं होऊ दे. थांबायच्या वेळी थांबायला शिकव. जे आम्हाला फुकट मिळालं ते शिकवताना आमचा हात आखडू नये. रिकाम्या हातांनी आलेल्या कुणालाही आम्ही फक्त अन्न देऊन परत पाठवू नये. येशूच्या नावाने, आमेन.

उद्याचं वाचन: निर्गम ३२. सोन्याचं वासरू. तेही कारागिरीच, बरं का. तेच सोनं, तेच हात. वाचून या, मग बोलू.